गोंगाट कोणाचा, गाऱ्हाणे कोणाचे?

आपल्या समाजात काही खटले आरोपीला न बोलावताच निकाली निघतात. तरुण मुले कानांना यंत्र लावून जे कर्कश पाश्चात्त्य संगीत ऐकतात, ज्याला हेवी मेटल किंवा हार्डकोर म्हणतात, त्याचा खटला त्यांपैकीच एक. घरातली वडीलधारी मंडळी त्याला गोंगाट म्हणतात, तपःकाळातील प्रवचनांत त्याला सैतानी ठरवले जाते आणि मुलाच्या खोलीचे दार बंद झाले की आईच्या मनात भय दाटते. हे भय खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. मुलांच्या आत्म्याची काळजी आईवडिलांनी वाहायची नाही, तर कोणी? परंतु काळजी वाहणे वेगळे आणि निकाल देणे वेगळे. ऐकून न घेता दिलेल्या निकालाला न्याय म्हणण्याची प्रथा ख्रिस्ती परंपरेत नाही. तसा एक निकाल पिलाताच्या वाड्यात लागला होता.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, आवाज किती मोठा आहे हा ख्रिस्ती माणसाचा पहिला प्रश्न असू शकत नाही. तो आवाज कोणासाठी उठला आहे, हे त्याने आधी विचारावे. संबंध मेटल संगीताची वकिली आम्हाला करायची नाही. त्यात कचरा भरपूर आहे आणि तो कचरा विकून गबर झालेल्या कंपन्याही भरपूर आहेत. आम्ही एकच प्रकरण वाचकांपुढे ठेवतो: एक वाद्यवृंद, त्याची एक ध्वनिमुद्रिका आणि ती घेऊन त्याने केलेला एका वर्षाचा दौरा. साक्षीपुरावे दोन्ही बाजूंचे मांडू. मग ज्याने त्याने ठरवावे.

प्रकरण ब्राझीलचे आहे. मिनास जेराइस हा त्या देशातील खाणींचा आणि जुन्या देखण्या चर्चांचा प्रांत. बेलो होरिझोन्ते ही त्याची राजधानी. या शहरात १९८४ साली कोवळ्या वयाच्या काही मुलांनी ‘सेपुल्तुरा’ नावाचा वाद्यवृंद काढला. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ थडगे. मॅक्स आणि इगोर कॅव्हलेरा हे सख्खे भाऊ त्याचे प्रवर्तक; एकाकडे गिटार आणि गायन, दुसऱ्याकडे ड्रम. त्यांचे वडील १९७९ सालीच वारले होते. देशावर १९६४ पासून लष्कराची राजवट होती, ती १९८५ मध्ये संपली. बापाविना घर आणि बंदुकीच्या धाकातला देश, अशा ठिकाणी वाढलेल्या पोरांच्या गळ्यातून गोड सूर निघाला नाही याचे नवल वाटू नये.

ज्यांनी हे संगीत कधी ऐकलेले नाही त्यांच्यासाठी त्याची घडण सांगतो. विजेवर चालणाऱ्या गिटारीचा स्वर यंत्रातून मुद्दाम फाटका केला जातो. तारा नेहमीपेक्षा सैल सोडून तो खर्जात उतरवला जातो. ड्रमवाला हातांबरोबर दोन्ही पायांनीही ठोके देतो. आणि गायक गाण्याऐवजी ओरडतो. वाद्यांचा हा भार मेटलचा. मोजक्या शब्दांत सरळ तोंडावर धिक्कार करण्याची रीत हार्डकोरची. सेपुल्तुराच्या संगीतात दोन्ही एकत्र आले.

आता फिर्यादी पक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा आम्हीच सादर करतो. या मुलांच्या सुरुवातीच्या दोन ध्वनिमुद्रिका, १९८५ची ‘बेस्टियल डिव्हॅस्टेशन’ आणि १९८६ची ‘मॉर्बिड व्हिजन्स’, यांत सैतानाच्या नावाचा उघड वापर आहे; दुसरीत क्रुसावरील ख्रिस्ताची विटंबनाही आहे. पोरसवदा वयाचा दिखाऊपणा म्हणून एखाद्याने त्याकडे काणाडोळा केला असता. पण दोघा भावांनी २०२३ साली त्याच दोन्ही मुद्रिका नव्याने ध्वनिमुद्रित केल्या. तेव्हा आमचा निषेधही ताजाच आहे. श्रद्धेची टवाळी ही आमच्या लेखी कला होत नाही, ती विशीत केलेली असो वा पन्नाशीत.

मात्र खटला इथेच संपवणाऱ्याला पुढची पाने वाचायची नसतात. २ ऑक्टोबर १९९२ रोजी साव पावलोच्या कारांदिरू तुरुंगात दंगल झाली आणि लष्करी पोलिसांनी आत शिरून ती मोडून काढली. १११ कैदी मारले गेले. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, सेपुल्तुराची ‘केऑस ए. डी.’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिच्यातल्या एका गीताने या हत्याकांडाचे गाऱ्हाणे जगभर नेले. त्याच मुद्रिकेतील दुसरी एक रचना शब्दांवाचूनची आहे. ती जमिनीवरून हुसकावल्या गेलेल्या आणि हताश होऊन आत्महत्येकडे वळलेल्या कायोवा आदिवासींना वाहिलेली आहे. कैद्याची भेट घेतली होती काय, हा प्रश्न अंतिम न्यायाच्या दिवशी विचारला जाणार आहे, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. थडग्याचे नाव धारण केलेल्या या पोरांनी त्या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले. आपल्यापैकी कितीजण कधी तुरुंगाच्या दारापर्यंत गेले आहेत?

यानंतरची ध्वनिमुद्रिका ‘रूट्स’, म्हणजे मुळे. आमचा मुख्य पुरावा हाच. ब्राझीलच्या अरण्यात शिरलेल्या मिशनऱ्यांवरचा एक चित्रपट पाहताना मॅक्सला तिची कल्पना सुचली. नोव्हेंबर १९९५ मध्ये हे चौघे वादक माटो ग्रोसो प्रांतातील शवांते नावाच्या आदिवासींच्या वस्तीवर गेले. वडीलधाऱ्यांची संमती घेऊन ते काही दिवस तिथे राहिले, अंगावर त्यांचे लाल-काळे रंग माखून घेतले, त्यांच्या नाचात उभे राहिले आणि विजेवाचून वाजणाऱ्या साध्या गिटारींवर आपले संगीत त्यांना ऐकवले. शवांतेंच्या, रोग बरा व्हावा म्हणून म्हटल्या जाणाऱ्या गायनावर आधारलेली एक रचना तिथेच उघड्यावर ध्वनिमुद्रित झाली. तिचे नाव ‘इत्सारी’. शवांते भाषेत त्याचाही अर्थ मुळे.

उरलेले काम कॅलिफोर्नियातील मालिबूच्या डोंगरातल्या एका स्टुडिओत, निर्माता रॉस रॉबिन्सन याच्या देखरेखीखाली पुरे झाले. बाहियाचा नामांकित तालवादक कार्लिन्योस ब्राउन याने एका गीतात साथ दिली. त्यात झोपडपट्टीची पोर्तुगीज बोली आहे आणि १६९५ साली मारला गेलेला पळालेल्या गुलामांचा पुढारी झुम्बी याचे नाव आहे. एक गीत शिको मेंडिससाठी आहे. रबराचा चीक काढणाऱ्या मजुरांचा हा नेता जंगल वाचवण्यासाठी झगडला आणि २२ डिसेंबर १९८८ रोजी आपल्या घराच्या मागील दारी गोळी लागून पडला. आणखी एका गीतात १९६४च्या लष्करी बंडाचा धिक्कार आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुद्रिका बाजारात आली. तिच्या वेष्टनावरचा आदिवासी चेहरा ब्राझीलच्या एका जुन्या नोटेवरून घेतलेला आहे. ज्यांची जमीन काढून घ्यायची, त्यांचाच चेहरा चलनावर छापायचा, ही सरकारी कृतज्ञता! ते चित्र नोटेवरून उचलून या पोरांनी तिच्यातली विसंगती चव्हाट्यावर मांडली.

आदिवासींशी आणि ब्राझीलशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. ब्राझील आपल्याला वाटते तितके दूर नाही. पेद्रो आल्वारिश काब्राल याचे जे तारू एप्रिल १५०० मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले, तेच पुढे त्याच वर्षी आपल्या कालिकतला आले. त्या तांड्यातील फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी २६ एप्रिल १५०० रोजी ब्राझीलच्या भूमीवर पहिली मिस्सा केली. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे पोर्तुगीज पिता आणि इथली माता यांचे पुत्र. त्यांना १७४५ साली रेसिफे नगरातल्या मिश्रवर्णीय लोकांनी आपल्याच रक्ताचा संत म्हणून थाटामाटात मिरवले. गोऱ्यांच्या चर्चमध्ये ज्यांना मागे उभे केले जात होते, त्यांना वसईच्या सुपुत्राचा आधार वाटला. तेव्हा त्या भूमीचे सुखदुःख आपल्या कानी पडले तर ते परक्याचे म्हणून झटकून टाकता येत नाही.

शिवाय शवांतेंच्या कहाणीत ख्रिस्तसभा स्वतः उभी आहे, आणि दोन्ही बाजूंना उभी आहे. हे शवांते अनेक वस्त्यांत विखुरलेले आहेत. त्यांतील माराइवात्सेदे इथल्या लोकांना १९६६ साली एका विशाल जमीनदारीसाठी लष्करी विमानांत भरून शेकडो किलोमीटर दूर हलवण्यात आले. त्यांना उतरवले गेले ते सालेशियन संघाच्या सांव मार्कोस मिशनमध्ये. तिथे गोवराची साथ आली आणि कितीतरी माणसे दगावली. मिशनऱ्यांनी त्यांना आसरा दिला हे खरे. पण ज्या व्यवस्थेने त्यांना उपटले तिच्या सोयीचा तो आसरा होता, हेही तितकेच खरे.

दुसरी बाजूही तितक्याच ठळकपणे सांगितली पाहिजे. त्याच मुलखातील सांव फेलिक्स दो अरागुआया या धर्मप्रांताचे महागुरू पेद्रो कासाल्दालिगा यांनी १९७१ पासून आदिवासी आणि भूमिहीन यांची बाजू जाहीरपणे घेतली. ऑक्टोबर १९७६ मध्ये पोलीस ठाण्यात दोन स्त्रियांचा छळ चालला होता, तो थांबवा असे सांगायला ते फादर जुआंव बोस्को बुर्निये यांच्यासह गेले. फादरांना तिथेच गोळी घालण्यात आली. सातव्या दिवशी त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा झाली आणि मिस्सा आटोपताच लोकांनी त्या ठाण्याची कोठडी पाडून टाकली. त्या दिवशी तिथे केवढा गोंगाट झाला असेल! त्याला सैतानी म्हणण्याची कोणाची छाती आहे? माराइवात्सेदेची जमीन शवांतेंना परत मिळण्याची वेळ आली, तेव्हा डिसेंबर २०१२ मध्ये ठार मारण्याच्या धमक्यांमुळे या वृद्ध महागुरूंना घर सोडून जावे लागले. २०२० साली ते ख्रिस्तवासी झाले. ज्या लोकांसाठी कासाल्दालिगांनी जिवाची जोखीम पत्करली, त्याच शवांतेंच्या एका दुसऱ्या वस्तीचा स्वर सेपुल्तुराने युरोप-अमेरिकेच्या मैदानांत नेला. दोघांची श्रद्धा एक नव्हती. गाऱ्हाणे मात्र एकाच मातीचे होते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आवाजाचा. स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या स्तोत्रात देवाच्या स्तुतीसाठी कर्णा, डफ आणि दणदणणाऱ्या झांजा बोलावल्या आहेत. तिथे कोणी कानांत बोळे घातलेले दिसत नाहीत. उलट आमोस संदेष्ट्याच्या मुखातून देवाने ज्या गायनाचा वीट आल्याचे सांगितले, ते मंदिरातले, रीतीनुसार चाललेले गायन होते. ते नकोसे झाले, कारण गाणाऱ्यांच्या वस्तीत न्याय उरला नव्हता. देवाच्या कानाला काय खुपते, याचा याहून स्पष्ट निर्वाळा कोणता हवा?

ढोलाला सैतानाचे वाद्य ठरवण्याचा प्रकार तर जुनाच आहे. सेपुल्तुराच्याच मिनास जेराइस प्रांतात गुलामांच्या वंशजांनी रोझरी मातेच्या सणाला ढोल वाजवीत, नाचत मिरवणूक काढण्याची परंपरा जपली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या काही धर्माधिकाऱ्यांनी तिच्यावर बंदी घातली होती. आज तेच ढोल मिस्साबलिदानात वाजतात. आणि आपल्याकडे? १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती लग्नघरातील ओव्यांवर बंदी घातली गेली. ओव्यांवर! आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर आणि मांडवात ज्या म्हटल्या, त्या ओव्या एके काळी धर्मबाह्य ठरल्या होत्या. आज एखाद्या मुलाच्या गिटारीवर शिक्का मारणाऱ्यांनी आपल्या घरातील गाण्यावर असाच शिक्का कोणी मारला होता हे आठवावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कार्डिनल योसेफ रात्झिंगर, म्हणजे पुढे पोप झालेले सोळावे बेनेडिक्ट, यांनी २००० साली उपासनेच्या मर्मावर लिहिलेल्या ग्रंथात रॉक संगीताच्या महोत्सवांवर बोट ठेवले. गर्दी, ताल, गोंगाट आणि दिवे यांच्या माऱ्यात माणूस स्वतःला विसरतो आणि त्या सोहळ्याला ख्रिस्ती उपासनेच्या विरोधी पूजेचे रूप येते, असा त्यांचा इशारा होता. आम्ही तो आदराने ऐकतो आणि मैदानातल्या धुंदीपुरता मान्यही करतो. हे संगीत वेदीजवळ आणावे असे आम्ही कधीच म्हणणार नाही. परंतु ‘रूट्स’ ऐकणाऱ्या मुलाला, त्याने लक्ष दिले तर, स्वतःखेरीज कोणाचा तरी विसर पडण्याऐवजी आठव होतो: शवांतेंचा, शिको मेंडिसचा, झुम्बीचा. स्वतःला विसरायला लावणारे संगीत आणि दुसऱ्याची आठवण करून देणारे संगीत यांना एकाच तराजूत घालणे कार्डिनलांच्या सूक्ष्म विचारालाही धरून होणार नाही.

तिसरा आक्षेप धंद्याचा, आणि तो आम्हालाही पटतो. शवांतेंचे गायन परदेशी कंपनीच्या मुद्रिकेवर विकले गेले. संमती घेतली होती म्हणून हिशेब पुरा होत नाही. पवित्र गोष्ट बाजारात गेली की तिच्या मोलाचा प्रश्न उरतोच. पण हा प्रश्न आम्ही बँडबरोबरच स्वतःलाही विचारू. सणाच्या मिरवणुकीत लुगडे आणि दागिने घालून आपल्या मुली पारंपरिक नाच करतात, तेव्हा त्या गाण्यांची बोली त्यांना घरात कोणी शिकवली असते काय? मुळांचा देखावा आपल्यालाही करता येतो.

चौथा आक्षेप फळांचा. झाडाची पारख फळांवरून करावी, असे प्रभूने सांगितले. मग या वाद्यवृंदाला फळ काय आले? १९९६ साली ‘रूट्स’ घेऊन ते देशोदेशी फिरले. ऑगस्टमध्ये इंग्लंडातील डॉनिंग्टनच्या महोत्सवाच्या वेळी मॅक्सच्या सावत्र मुलाच्या अपघाती मृत्यूची बातमी आली. तो पत्नीसह तातडीने परतला. उरलेले तिघे त्याच्यावाचून रंगमंचावर उभे राहिले आणि गिटारवादक आंद्रेआस किस्सेरने गायनाची बाजू सांभाळली. मॅक्सची पत्नी या वाद्यवृंदाची व्यवस्थापक होती. तिचा करार पुढे चालू ठेवू नये असे इतरांनी ठरवले. १६ डिसेंबर १९९६ रोजी लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीतील प्रयोगानंतर मॅक्स बाहेर पडला. मुळांचे गाणे गात जग हिंडलेल्या दोघा भावांत वर्षे न वर्षे अबोला राहिला. पुढे ते एकत्र आले. पण वाद्यवृंद नव्या गायकासह वेगळाच चालला आणि २०२३ मध्ये त्याने निरोपाचा दौरा जाहीर केला.

पाहा, म्हणतील काही, हे त्या संगीताचे फळ! आम्ही विचारतो, भावाभावांत वितुष्ट आणायला आपल्या गावांत गिटारीची गरज कधी पडली? सात-बाराचा उतारा पुरेसा होतो. शोक, पैसा आणि मानापमान यांनी घरे मोडतात. भक्तिगीते गाणाऱ्यांचीही मोडतात. कलावंत दुबळा निघाला म्हणून त्याने मांडलेले गाऱ्हाणे खोटे ठरत नाही. शवांतेंचा जमिनीवरचा हक्क कॅव्हलेरा बंधूंच्या एकीवर अवलंबून नव्हता.

उरतो तो रागाचा प्रश्न. या संगीतात राग आहे आणि म्हणूनच मुले त्याकडे ओढली जातात. आपण मात्र मुलांना असे शिकवत आलो की, चांगला ख्रिस्ती मुलगा रागावत नाही. मंदिरातील सराफांचे चौरंग कोणी उलथले होते? वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा पाणी आणि शेती वाचवण्याच्या घोषणा लोकांनी कुजबुजत दिल्या होत्या काय? राग पाप होतो तो स्वतःच्या अहंकारासाठी पेटला म्हणजे. विहिरी खारट होतात, वाड्या विकल्या जातात, आदिवासी पाड्यांवरची माणसे आपल्याच बांधकामांवर वेठीला जुंपल्यासारखी राबतात, आणि आपल्या घरात कोणाचाही स्वर चढत नाही, ही शांतता पवित्र आत्म्याने दिलेली आहे असे आम्हाला वाटत नाही.

म्हणून आमचे मागणे असे. आईवडिलांनी मुलाच्या खोलीचे दार ठोठवावे आणि आत जाऊन त्याच्याशेजारी बसावे. हे कोण गात आहे, कोणाविषयी गात आहे, आणि ऐकून तुला काय करावेसे वाटते, असे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्वेष, नशा किंवा देवाची निंदा असे आले, तर ते संगीत खुशाल बंद करावे. तेव्हा मूलही समजून घेईल, कारण त्याचे म्हणणे आधी ऐकलेले असेल. धर्मगुरूंनी सैतानाचे नाव जपून वापरावे; ते जिथे तिथे वापरले की, तो खरोखर जिथे राज्य करतो तिथे त्याला ओळखणे अवघड होते. आणि तरुणांनो, तुम्हालाही सूट नाही. छातीवर वाद्यवृंदाचे नाव मिरवणे सोपे आहे. शवांते कोण, शिको मेंडिस का मारला गेला, हे ठाऊक नसताना ‘रूट्स’ ऐकणारा खरोखरच केवळ गोंगाट ऐकतो. मग आजोबांचा शब्द तुमच्या बाबतीत खरा ठरतो.

यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला आंधळा बार्तिमय मोठ्याने ओरडू लागला, तेव्हा त्याला गप्प करणारे लोक येशूच्या मागे चालणारेच होते. त्यांना मिरवणुकीची शांतता भंगल्याचे दुःख झाले असावे. प्रभू मात्र थांबला आणि म्हणाला, त्याला बोलवा.